सात गुन्हे म्हणजे सात शिक्षा नव्हेत

बातमीत म्हटलंय, नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत मोबाइल उडवताना सापडलेल्या पोरावर आधीचे सात गुन्हे आहेत, आता काही तो लवकर बाहेर येत नाही. बातमीखालच्या प्रतिक्रियांत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. अहो, पण गुन्हे दाखल असणं वेगळं आणि कोर्टानं दोषी ठरवणं वेगळं! शिक्षा वाढते ती आधी दोषी ठरलेला असल्यामुळे. सातही खटले नुसते तारखांवर चालू असतील, तर कायद्याच्या लेखी ही त्याची पहिलीच वेळ.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ बघा. साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान १ वर्ष सक्तमजुरी, जास्तीत जास्त ५, वर दंड. म्हणजे नुसता दंड भरून घरी जायची सोय संपली. उलट पहिल्या वेळी माल ५००० रुपयांच्या आतला असेल आणि परत केला, तर सामुदायिक सेवेवर, म्हणजे बिनपगारी समाजोपयोगी कामावर भागतं.

सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात वकिली करतो म्हणून सांगतो, घोडं पेंड खातं ते पुराव्यात. आधीच्या शिक्षेची तारीख नि ठिकाण दोषारोपात, म्हणजे कोर्ट आरोपीवर ठेवतं त्या लेखी आरोपात यावं लागतं. पोलीस ठाण्यातली गुन्ह्यांची यादी चालत नाही. जुन्या निकालाचा प्रमाणित उतारा किंवा तुरुंगाचा दाखला हवा, आणि तो माणूस हाच, हेही दाखवावं लागतं. शिक्षा भंडाऱ्यात झालेली असली की तो कागद आणायला जाणार कोण, यावरच गाडी अडते.