कॅसेटची प्रत आणि अल्बमची किंमत

मागच्या महिन्यात इंदूरच्या माझ्या जुन्या मित्रमंडळींत मोठा वाद झाला. एकाने ब्लॅक मेटल, म्हणजे हेवी मेटल रॉकचा एक कर्कश प्रकार, वाजवणाऱ्या एका लहान बँडचा नुकताच आलेला अल्बम सगळ्यांना फुकट पाठवला, दुसऱ्याने त्याला सरळ चोरी म्हटले, आणि त्यावर पहिल्याने उत्तर दिले की अंडरग्राउंड मेटल मुळात कॅसेटच्या प्रती काढूनच जगभर पसरले आहे. बारा वर्षे नॉर्वेतल्या बर्गनमध्ये राहिल्यानंतर मला हे उत्तर अर्धेच खरे वाटते.

'मेहेम' या नॉर्वेच्या ब्लॅक मेटल बँडच्या 1987 सालच्या 'डेथक्रश' या रेकॉर्डची पहिली आवृत्ती अवघ्या 1000 प्रतींची होती, आणि असे संगीत दूरदेशी पोहोचले ते टपालाने फिरणाऱ्या कॅसेटींमुळेच, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु त्या व्यवहारात कॅसेट मागणारा स्वतःची कॅसेट पाठवत असे, पत्र लिहीत असे, आणि पुष्कळदा तो स्वतःच वादक किंवा हस्तलिखितवजा नियतकालिकाचा संपादक असे. प्रत घेणाऱ्याकडून काहीतरी परत जात होते.

आमच्या रामबागेतल्या घरीही उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या खासगी मैफलींच्या टेप होत्या, बाबांनी इतर रसिकांकडून उतरवून घेतलेल्या. त्या कुठेच विकत मिळत नव्हत्या. प्रत काढली नसती तर ते गाणे त्या खोलीतच संपले असते. मात्र खाँसाहेबांची जी रेकॉर्ड बाजारात आली, ती बाबांनी पगारातून पैसे बाजूला ठेवून विकत घेतली. हा भेद त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण मी तो तिथेच शिकलो. म्हणूनच एखाद्या बँडचा वर्षानुवर्षे अनुपलब्ध असलेला डेमो, म्हणजे सुरुवातीचे कच्चे ध्वनिमुद्रण, कोणी जपून इतरांना दिला, तर मी त्याला चोर म्हणणार नाही. त्याच डेमोच्या चोरट्या प्रती छापून विकणारा मात्र मला कितीतरी अधिक दोषी वाटतो.

महाविद्यालयात असताना मीही इंदूरच्या सायबर कॅफेत बसून अल्बम उतरवले. शहरातल्या दुकानांत मोठ्या बँडपलीकडे काही येत नसे आणि परदेशात पैसे पाठवण्याचे साधन माझ्याजवळ नव्हते. आज बँडकॅम्प या संकेतस्थळावर डिजिटल अल्बम थेट बँडकडून घेता येतो, संकेतस्थळाचा साधारण 15 टक्के हिस्सा आणि व्यवहाराचे शुल्क वजा जाता उरलेली रक्कम बँडला मिळते, आणि अनेक बँड किंमत ऐकणाऱ्यावर सोडतात.

इथे नॉर्वेत सरकार कलावंतांना पोसते, असा समज माझ्या मित्रांत आहे. अनुदाने आहेत, पण अर्ज करून थोड्यांनाच मिळतात. माझ्या ओळखीचा एक ड्रमर दिवसा शाळेत नोकरी करतो आणि कार्यक्रम संपल्यावर स्वतःच टेबलामागे उभा राहून टी-शर्ट विकतो. तालमीच्या खोलीचे भाडे त्यातूनच निघते.

तरीही दहा युरो म्हणजे बर्गनमध्ये माझी तासाभराचीही कमाई नाही आणि इंदूरच्या विद्यार्थ्याला ती मोठी रक्कम आहे, हे मी विसरू शकत नाही. त्या विद्यार्थ्याला चोर ठरवण्याचा मला अधिकार वाटत नाही. माझा आक्षेप आहे तो माझ्याच वयाच्या, चांगल्या पगाराच्या मित्रांवर, जे इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, पाहुण्यांचे बिल आग्रहाने स्वतः देतात आणि अल्बमच्या वेळी कॅसेटच्या काळाचा दाखला देतात. तो फिरवलेला अल्बम मी विकत घेतला, आणि पाठवणाऱ्या मित्राला बँडच्या पानाचा दुवा कळवला. त्याने अजून उत्तर दिलेले नाही.