पाप कोणतं ते तरी सांगा

परवा वसईत एका मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेलो आणि पापी ठरून परत आलो. पाप कोणतं, हे अद्याप मला कळवण्यात आलेलं नाही.

लग्न चर्चमध्ये होतं. वसईत मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, प्रार्थना मराठीत असते. त्यामुळे शब्द न् शब्द कळत होता. कधी उठायचं, कधी बसायचं, कधी गुडघे टेकायचे तेवढं कळत नव्हतं. सगळे उठले की मी उठायला घ्यायचो, पुरता उभा राहीपर्यंत सगळे बसलेले. पुस्तिका होती, पण बाकाला एक. आमच्या बाकाची शेजारच्या आजींच्या मांडीवर, मिटलेली. त्यांना सगळं पाठ होतं. लाल लुगडं, वय ऐंशीच्या पुढे, नजर तेज. मध्ये एकदा सगळ्यांनी एकमेकांना हात जोडून नमस्कार केला, तो मात्र मला पहिल्या झटक्यात जमला. आजींनीही केला. तिथवर आमचं बरं चाललं होतं.

मग ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली. फादरनी आधीच सांगितलं होतं, बाप्तिस्मा झालेल्यांनीच पुढे यावं. मी सूचना पाळणारा माणूस. पाय आखडून बसून राहिलो, अख्खा बाक माझ्या गुडघ्यांना घासत पुढे गेला. आजी गेल्या, आल्या, गुडघे टेकले, डोळे मिटले. उघडले ते थेट माझ्यावर.

"तू नाय गेलास?"

मी नकारार्थी मान हलवली.

"येताना काय खाल्लंस काय?"

खाल्लं होतं. कसाऱ्याला मिसळ.

"किती वाजता?"

"एकला."

"मग झाला की तास! तासभर आधी खायचं नाय, एवढंच. जा, लाईन आहे अजून."

"आजी, तसं नाही."

"मग कसं?" आवाज खाली आला, तरी मागच्या दोन बाकांपर्यंत पोचत होता. "कन्फेशन करून किती वर्षं झाली?" कन्फेशन म्हणजे फादरपुढे पापांची कबुली. खाणं आड येत नाही, तर पापच आड येत असणार, हा आजींचा हिशेब.

"आजी, मी हिंदू आहे."

"मुंबईला गेले की सगळे असंच बोलतात. कोणाचा तू? तुस्कानोंचा का लोपीसांचा?"

मी आडनाव सांगितलं. कुलकर्णी. त्यावर त्यांचा काडीचा विश्वास बसला नाही. मग गाव सांगितलं, आणि इथे सगळा घोटाळा झाला.

"नाशिक? आमची घंटा तिकडेच आहे ना रे?"

आता हे खरं आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. त्यातली एक पंचवटीत, गोदेकाठच्या नारोशंकराच्या देवळात आहे. तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे. लहानपणापासून येईल त्या पाहुण्याला मी ती मोठ्या ऐटीत दाखवत आलोय. पण ज्यांची घंटा, त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसल्यावर काय बोलायचं याची तयारी नव्हती. मी म्हटलं, "हो, आहे. नीट ठेवलीय."

"घंटा न्यायला आलात, प्रसादाला येत नाय," आजी म्हणाल्या. "आमच्या लहानपणी सगळं लॅटिनमध्ये होतं. एक अक्षर कळायचं नाय, तरी गुडघे टेकायचो. आता मराठीत केलंय, तरी तू बसून!"

मित्राला हे ऐकून हसू आवरेना. मला आवरत होतं. पुढे गेलो असतो तर आगाऊ, बसलो तर पापी. मग करायचं काय माणसाने? आणि आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? सोवळ्यातल्या पंक्तीत कुठे बसायचं, कशाला हात लावायचा नाही, हे पाहुण्याला आधी कोणी सांगत नाही. त्याचा हात लागला की सांगायला दहा जण धावतात. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' आठवणीने छापता ना? मग खाली 'उठावे', 'बसावे' छापायला किती शाई लागते?

संध्याकाळी मंडपात हातात आइस्क्रीम घेऊन उभा होतो, तर समोरून आजी येतायत, फादरना मनगटाला धरून. "हाच तो." फादर भला माणूस. हसले, म्हणाले, "जेवलात का?"

"जेवण नंतर," आजी म्हणाल्या. "आधी ते विचारा."

फादरनी विचारलं नाही. पण शेजारी आमची बायको उभी होती. लग्नात ती पुढच्या बाकावर होती, त्यामुळे हे सगळं तिला नवीन. परतताना कामण-भिवंडी रस्त्याच्या खड्ड्यांत ती एक शब्द बोलली नाही. भिवंडी मागे पडल्यावर म्हणाली, "एवढी म्हातारी बाई उगाच कोणाला असं म्हणायची नाही. काय केलंयस नक्की?"

कसारा घाट चढेपर्यंत जे जे आठवलं ते सगळं सांगितलं. दुपारच्या मिसळीला दोनदा तर्री मागितली होती, हेसुद्धा. तिचं एकच, "हे नाही, दुसरं."