क्रॉफर्ड प्रकरण : गाडं कुठे अडलं?

मामलेदारांकडून लाच घेतल्याचा आरोप झालेला मुंबई इलाख्यातला इंग्रज कमिशनर क्रॉफर्ड 'गोरा म्हणून सुटला' असं या प्रकरणावरच्या एका लेखात आहे. ते अर्धंच खरं. लाचेच्या तपासातली खरी अडचण तेव्हाही पुराव्याची होती. व्यवहार दोघातिघांत, पावती नाही आणि पैसे मधल्या माणसाच्या, म्हणजे क्रॉफर्डचा दलाल हणमंतराव याच्या हातात. बदली किंवा बढतीसाठी पैसे मोजलेला मामलेदार हाच साक्षीदार, पण कायद्याच्या नजरेत तो गुन्ह्यातला साथीदार. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम ११४ सांगत होतं की अशा माणसाच्या शब्दाला महत्त्वाच्या बाबींत दुजोरा नसेल तर तो विश्वासार्ह नाही असं कोर्ट धरू शकत होतं. म्हणजे पैसे कुठून उचलले, वहीत कोणत्या तारखेला नोंद, बदलीचा हुकूम त्यानंतर किती दिवसांनी, हे जुळवावं लागायचं. हणमंतरावला शिक्षा झाली, पण पैसे पुढे साहेबापर्यंत पोचले हा दुवा जोडताना चौकशी आयोगापुढे गाडं अडलं. लाचेचे आरोप टिकले नाहीत. हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याबद्दल मात्र नोकरी गेली.

लेखात सुटलेला भाग अभयाचा. मुंबई सरकारने, म्हणजे गव्हर्नर लॉर्ड रे यांनी, मामलेदारांना अभय, म्हणजे लाच दिल्याचं सांगितलं तरी कारवाई नाही असं वचन, देऊन बोलतं केलं आणि नंतर लंडनच्या सरकारकडून त्यांच्यातल्या काहींना काढायचा आग्रह झाला. टिळक १८८९ मध्ये उभे राहिले ते या वचनभंगावर. (मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचं नाव याच क्रॉफर्डचं, बरं का!)