"बाईंनी आधी चार मुलं सांभाळावीत" : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मुलांना दुसऱ्याचं दुःख कसं कळू लागतं, या माझ्या लेखावर फोंड्याहून आपली प्रतिक्रिया आली. मारून मूल आज्ञाधारक होतं, सहृदय होत नाही. त्यासाठी "तुझ्यामुळे त्याला काय झालं ते बघ" हे पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं, असं मी म्हटलं होतं. आपण लिहिलंत : "हे सगळं परदेशी प्रयोगशाळेतलं. आम्हाला एक थोबाडीत बसली की बरंवाईट कळायचं. बाईंनी आधी चार मुलं सांभाळावीत, मग पियाजे शिकवावा." (पियाजे म्हणजे मुलांची समज कशी वाढते याचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ.) शिवाय मुलांची नैतिक समज कशी वाढते यावरचा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कोलबर्ग यांचा अभ्यास एकांगी, लेख लांबलेला, हल्लीची मुलं मोबाइलने बिघडलेली, वगैरे.

मतभेदाचं मला वावडं नाही. पण हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता, तर त्याला आपण मुलं सांभाळायला पाठवलं असतं का? मला ते लागलं आहे आणि ते मी लपवणार नाही.

कोलबर्गबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. 1958 सालच्या प्रबंधासाठी ते शिकागोकडच्या 10 ते 16 वयाच्या 72 मुलग्यांशी बोलले. त्यात मुलगी एकही नव्हती. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी 1982 मध्ये याच त्रुटीवर बोट ठेवलं. हा मुद्दा तुमचा.

आता मुलं सांभाळण्याबद्दल. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात मी बालवाडी चालवली. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हाही चालवत होते. खाणींचे ट्रक उभे राहिले, घरातला पैसा आटला आणि काही डबे हलके झाले. त्यातला एक मुलगा शेजारच्या मुलीचा डबा रोज ओढून घ्यायचा. घरी त्याला यासाठी मार बसत होता. त्यातून तो एवढंच शिकला, की डबा मी पाठ फिरवल्यावर ओढायचा. मी त्याला तिच्यासमोर बसवायची, तिचा रिकामा डबा दाखवायची आणि विचारायची, "आता ती काय खाणार?" तो लगेच सुधारला असं मी सांगणार नाही. कित्येक दिवस तो माझ्याकडे नुसता बघत राहायचा. मग एकदा त्याने ओढलेल्या पोळीतली अर्धी स्वतःहून परत ठेवली. त्या अर्ध्या पोळीपर्यंत पोचायला किती चिकाटी लागते, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. मला मुलं माहीत नाहीत असं तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलंत?

आणि मारही मला पुस्तकातून कळलेला नाही. लहानपणी मी आंब्यावर मारलेला धोंडा आमच्या भाटात, म्हणजे बागायतीत, राबणाऱ्या बाईच्या हाताला लागला. वडिलांनी मला बडवलं. आठवतो तो गालाचा दाह. तिच्या हाताचं काय झालं, हे त्या दिवशी माझ्या मनातसुद्धा आलं नाही. संध्याकाळी आजीने मला तिच्याकडे नेलं, सुजलेली बोटं दाखवली आणि म्हणाली, "उद्या ही भात कशी रांधणार?" तेव्हा मी रडले. मार खाताना रडले नव्हते.

हॉफमन आणि साल्ट्झस्टाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये सातवीच्या मुलांबद्दल हेच मांडलं. आपल्या वागण्याने दुसऱ्याला काय भोगावं लागलं हे जे आईबाप दाखवतात, त्यांच्या मुलांत, निदान मध्यमवर्गीय घरांत, अपराधाची जाणीव जास्त दिसली. धाकदपटशाने वाढलेल्या मुलांत कमी. यातलं परदेशी काय आहे? माझ्या आजीने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं.

"प्रयोगशाळा" म्हणता तर पियाजे बसले होते गोट्या खेळणाऱ्या पोरांत, नियम कोणी केले आणि ते बदलता येतात का, हे विचारत. नकळत 15 पेले फोडणारा जास्त वाईट की चोरून मुरांबा काढताना एक फोडणारा, हेही त्यांनी मुलांना विचारलं. लहानग्यांनी पेले मोजले, मोठ्यांनी हेतू पाहिला. हे 1932 च्या त्यांच्या पुस्तकात आहे. आणि भारतातलंच हवं असेल तर मानसशास्त्रज्ञ जोन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1990 चा अभ्यास आहे. किरकोळ गरजेलाही दुसऱ्याच्या मदतीला धावणं हे म्हैसूरच्या लोकांना कर्तव्य वाटलं, अमेरिकनांना बऱ्याचदा ज्याची त्याची मर्जी. आपली माणसं वेगळी आहेत हे मीही मानते. पण ती थोबाडीत खाऊन वेगळी झाली, हे कुठून काढलंत?

लेखाची लांबी आणि मोबाइल यांवर मी वेळ घालवणार नाही.

एक मात्र विचारते. थोबाडीत बसल्यावर "कळायचं" असं तुम्ही लिहिलंत, काय कळायचं ते लिहिलं नाहीत. कोणाला दुखावलं होतं, त्याचं पुढे काय झालं, त्याच्याकडे नंतर कधी गेलात का, ते लिहा. मी छापीन, आणि त्यावर पुन्हा बोलू.