‘फक्त संगणक बदला, हजार अश्वशक्ती घ्या’: २जेझेड इंजिनाविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक संदेश माझ्या भाच्याने मला वेगळा पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, मग माझ्या गाडीचेही असेच असणार ना?’ भाच्याची गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो-पेट्रोल आहे, आणि ‘रिमॅप करून (म्हणजे इंजिनाच्या संगणकातली गणिते बदलून) ताकद वाढवून देतो’ असे एका गॅरेजवाल्याने त्याच्या मनात आधीच भरवलेले आहे. संदेश नुसता चुकीचा असता तर मी तो सोडून दिला असता. या संदेशाच्या भरवशावर उद्या कोणाच्या तरी इंजिनाचे पिस्टन वितळणार आहेत, म्हणून हा खटाटोप.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: टोयोटाने सुप्रा या आपल्या स्पोर्ट्स कारसाठी खास बनवलेले २जेझेड-जीटीई हे इंजिन मुळातच १००० अश्वशक्तीचे होते, जपान सरकारच्या दबावामुळे कंपनीने ते संगणकात ‘लॉक’ करून २८० अश्वशक्तीवर विकले, एकही भाग न बदलता, फक्त संगणक बदलून आणि बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) वाढवून, पूर्ण ताकद मिळते आणि तरीही इंजिन लाखो किलोमीटर चालते, याच इंजिनाने जपानमधल्या शर्यती गाजवल्या, ते इतके टिकाऊ निघाले की सुटे भाग खपेनात म्हणून कंपनीने ते बंद केले, आणि आता नव्या सुप्रात तेच परत आणले आहे. शेवटी तात्पर्य असे की सगळ्याच कंपन्या अशी ताकद दाबून ठेवतात.

सर्वांत घातक दावा ‘एकही भाग न बदलता’ हा आहे, म्हणून आधी त्याचाच हिशेब करू. इंजिनाची ताकद संगणकातून येत नाही, ती जळलेल्या इंधनातून येते. जोरात चालणाऱ्या टर्बो-पेट्रोल इंजिनाला दर अश्वशक्तीमागे ताशी साधारण पाव किलो पेट्रोल लागते. म्हणजे १००० अश्वशक्तीसाठी ताशी २५० किलो, मिनिटाला चार किलोंहून थोडे अधिक, आणि पेट्रोलची घनता लक्षात घेता मिनिटाला साधारण साडेपाच लिटर. आता जपानी बाजारातल्या २जेझेड-जीटीईचे इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तोट्या, पाहा. ते मिनिटाला प्रत्येकी ४४० घनसेंटिमीटर इंधन सोडणारे होते. असे सहा इंजेक्टर क्षणभरही बंद न होता सताड उघडे राहिले, तरी मिनिटाला २.६४ लिटर इंधन मिळते, म्हणजे लागते त्याच्या निम्मेही नाही. निर्यातीच्या गाड्यांत मोठे, सुमारे ५५० घनसेंटिमीटरचे इंजेक्टर होते. त्यांचीही बेरीज ३.३ लिटरच्या पुढे जात नाही. तेव्हा संगणकात कोणताही आकडा भरला, तरी जे इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही ते जळणार कसे? बूस्ट वाढवून हवा तेवढी जास्त कोंबली, तर मिश्रणात इंधन कमी पडते, तापमान चढते, नॉकिंग (मिश्रणाचे अवेळी, धक्क्याने पेटणे) सुरू होते आणि पिस्टनचा माथा वितळतो. हे गणित आठवीच्या मुलालाही करता येईल; संदेश लिहिणाऱ्याने ते करण्याचे कष्ट घेतलेले दिसत नाहीत.

मूळ टर्बोंची कथा तर याहून वाईट आहे. या इंजिनात दोन टर्बो क्रमाने काम करतात: कमी फेऱ्यांवर पहिला एकटाच हवा देतो आणि साधारण ४००० आरपीएमच्या सुमारास दुसरा त्याला येऊन मिळतो. जपानी आवृत्तीतल्या टर्बोंची टर्बाइन चक्रे सिरॅमिकची होती. सिरॅमिक हलके असल्यामुळे टर्बो चटकन वेग घेतो, हा त्यामागचा चांगला हेतू. पण कारखान्याने ठरवलेल्या बूस्टच्या बऱ्याच पुढे गेल्यावर हीच चक्रे तुटतात, हे या गाड्यांवर काम करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. निर्यातीच्या गाड्यांत पोलादी चक्रे होती, पण तीही १००० अश्वशक्तीपुरती हवा देण्याएवढी मोठी नव्हती. म्हणून अशी ताकद काढणारा प्रत्येक ट्यूनर पहिल्यांदा हे दोन्ही टर्बो उतरवून बाजूला ठेवतो आणि एक मोठा टर्बो बसवतो. त्यापाठोपाठ इंजेक्टर, इंधनपंप, इंटरकूलर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह स्प्रिंग, हेड स्टड, क्लच आणि अर्थातच संगणक बदलला जातो. भरवशाचे काम करणारे ट्यूनर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडही बदलतात. काहींनी मूळ पिस्टन-रॉडवर हा आकडा डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) काढून दाखवला आहे, हे खरे. पण डायनोवरची काही सेकंदांची धाव आणि रोजच्या रस्त्यावरचे लाखभर किलोमीटर यांना एकाच तागडीत घालणे हा शुद्ध भाबडेपणा आहे.

टोयोटाने स्वतः दिलेले आकडे पाहिले तरी हेच दिसते. १९९३ च्या जपानी सुप्राचे अधिकृत आकडे ५६०० आरपीएमला २८० अश्वशक्ती आणि ३६०० आरपीएमला ४४ किलोग्रॅम-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) असे आहेत. ७००० आरपीएमला १००० अश्वशक्ती हवी असेल तर त्या क्षणी सुमारे १०२ किलोग्रॅम-मीटर टॉर्क लागतो. म्हणजे प्रत्येक रॉडवर, प्रत्येक बेअरिंगवर, गिअरबॉक्सच्या प्रत्येक दात्यावर दुपटीहून अधिक भार. हा भार ‘लॉक’ करून ठेवला होता आणि किल्ली फिरवताच तो सुरक्षितपणे बाहेर येतो, असे मानण्याला यंत्रशास्त्रात काहीही आधार नाही.

आता जे मान्य करायला हवे ते मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. या इंजिनाचा पाया खरोखरच असामान्य मजबूत आहे. ८६ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि तेवढाच स्ट्रोक (पिस्टनची धाव) असलेला, २९९७ घनसेंटिमीटरचा, बिडाचा क्लोज्ड-डेक (सिलिंडरांना वरच्या कडेलाही आधार देणारा) ब्लॉक, सात मुख्य बेअरिंगांवर फिरणारा भक्कम क्रँकशाफ्ट, पिस्टनच्या खालच्या बाजूला तेलाचे फवारे, आणि ८.५ एवढेच कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण), त्यामुळे बूस्टला भरपूर वाव. सहा सिलिंडर एका रांगेत असल्यामुळे हलत्या भागांची मुख्य बले एकमेकांना आपोआप तोलतात. ब्लॉक आणि क्रँक मूळचेच ठेवून १००० अश्वशक्ती पेलता येते, एवढा भाग खरा आहे, आणि याच गुणामुळे ड्रॅग (सरळ रेषेतल्या वेगाच्या) आणि ड्रिफ्ट (गाडी घसरवत वळवण्याच्या) स्पर्धांच्या दुनियेत हे इंजिन इतर अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसवले गेले. पण पाया मजबूत आहे म्हणून त्यावर दहा मजले आधीच बांधलेले आहेत, असे कोणी म्हणत नाही.

२८० च्या मर्यादेतही अर्धसत्य आहे. अशी मर्यादा होती. मात्र तो जपानी वाहननिर्मात्यांनी १९८९ च्या सुमारास आपसात केलेला अलिखित समझोता होता, सरकारी कायदा नव्हे, आणि २००४ मध्ये तो संपला. त्या काळातल्या काही गाड्या प्रत्यक्षात २८० च्या थोड्या वर होत्या, याविषयी फारसा वाद नाही. शिवाय समझोत्याचे बंधन नसलेल्या अमेरिकेतल्या सुप्राची ताकद टोयोटाने ३२० अश्वशक्ती अशी जाहीर केली होती, आणि तीही मोठे इंजेक्टर व वेगळे कॅमशाफ्ट देऊन. बंधन नसतानाही कंपनी ३२० वरच थांबली, याचा अर्थ संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी एकदा शांतपणे लावून पाहावा.

‘खास सुप्रासाठी बनवले’ हेही चूक आहे. २जेझेड-जीटीई सर्वांत आधी १९९१ मध्ये टोयोटा अरिस्टो या चार दरवाजांच्या सेदानमध्ये आले. सुप्राला ते दोन वर्षांनी मिळाले.

शर्यतींचा दावा वाचून मात्र मला हसू आवरले नाही. १९९७ मध्ये ऑल जपान ग्रँड टूरिंग कार या शर्यतमालिकेच्या जीटी५०० वर्गात पेद्रो दे ला रोसा आणि मायकेल क्रुम यांनी विजेतेपद मिळवले ती हिरव्या-लाल-पांढऱ्या कॅस्ट्रॉल टॉम्सच्या रंगांतली सुप्रा अनेकांच्या भिंतीवर असते. तिच्या बॉनेटखाली २जेझेड नव्हतेच. तिथे ३एस-जीटीई हे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन होते. १९९५ मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरलेल्या सुप्रामध्येही तेच. कारण साधे आहे: बिडाचे, लांबलचक सहा सिलिंडरचे इंजिन गाडीच्या नाकावर वजन टाकते, तर आखूड आणि हलके इंजिन मागे सरकवून बसवता येते. ज्या गुणामुळे २जेझेड ड्रॅग-स्ट्रिपवर अजिंक्य ठरले, तोच वळणांच्या शर्यतीत टोयोटाला अडचणीचा वाटला.

कंपनीने हे इंजिन बंद करण्यामागेही टिकाऊपणाचा संबंध नाही. अमेरिकेत खप घटला म्हणून तिथली विक्री १९९८ मध्ये थांबली आणि जपानमध्ये प्रदूषणाचे नवे निकष लागू झाल्यावर २००२ मध्ये सुप्राचे उत्पादन संपले. निस्सानची स्कायलाइन जीटी-आर आणि माझदाची आरएक्स-७ याही त्याच वर्षी त्याच कारणाने गेल्या. त्यांचेही सुटे भाग खपत नव्हते काय? आणि ‘कधीच न बिघडणाऱ्या’ या इंजिनाचे तेलपंपाचे सील गळणे आणि क्रँक पुलीचे रबर सुटणे हे ठरलेले दुखणे आहे.

राहता राहिली २०१९ ची नवी सुप्रा. तिचे तीन लिटरचे सहा सिलिंडर इंजिन बीएमडब्ल्यूचे बी५८ आहे. क्षमता आणि मांडणी जुळते एवढ्यावरून ते २जेझेडचे वारस ठरत नाही. त्याचा ब्लॉकही ॲल्युमिनियमचा आहे.

भाच्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर यातच आले असले, तरी स्पष्ट लिहितो. आजच्या छोट्या टर्बो-पेट्रोल इंजिनांचे कॉम्प्रेशन १० च्या आसपास असते, वजन वाचवण्यासाठी ब्लॉक हलके ठेवलेले असतात आणि क्लच-गिअरबॉक्स मूळ टॉर्कच्या बेताने निवडलेले असतात. कंपनीने सोडलेली थोडी मोकळीक तापलेला उन्हाळा, घाट, भरलेली गाडी आणि एखाद्या पंपावरचे हलके पेट्रोल यांच्यासाठी असते. रिमॅप करणारा तीच खर्च करतो आणि इंजिनाची वॉरंटीही त्याबरोबर धोक्यात येते. गॅरेजवाल्याला त्याने दोनच गोष्टी विचाराव्यात: बूस्ट वाढवल्यावर इंजेक्टर किती टक्के वेळ उघडे राहतात, आणि नॉकिंगची नोंद तपासून तो दाखवणार आहे का. उत्तरादाखल पुन्हा सुप्राचेच उदाहरण आले, तर गाडीची चावी परत घेऊन यावे.