भरती 4.9 मीटर, गेट 3.5 मीटर, म्हणून सोसायटी बुडणार? आधी दोन्ही आकडे कुठून मोजलेत ते बघा

नवी मुंबईच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मोबाईलवर उंची दाखवणारं ॲप उघडा, सोसायटीच्या गेटवर उभे राहा आणि आलेला आकडा भरतीच्या आकड्याशी ताडून बघा, कमी आला तर बुडणार, पाचच्या वर आला तर निर्धास्त राहा. पुढे असंही आहे की ॲप उणे साठ दाखवतंय म्हणजे शहर समुद्राच्या खाली गेलंय, आणि नकाशात आरएल (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे ठरवलेल्या शून्यापासूनची उंची) 100 लिहिणाऱ्या बिल्डरने लोकांना फसवलंय. हे वाशीला मावशीपर्यंत पोचलं आणि तिने रात्री फोन करून विचारलं, अरे कागदपत्रं माळ्यावर टाकू का? वर त्याच सोसायटीच्या कमिटीने सेक्रेटरींच्या फोनवर 7 आला म्हणून पावसाळी पंपाचा खर्च रद्द करायचा विषय मीटिंगला घेतलाय. एकाच गेटवर मावशीला उणे आणि सेक्रेटरींना अधिक सात, तरी कोणाला शंका आली नाही! माझं रोजचं काम लेव्हल घेण्याचं, म्हणजे जमिनीची उंची मोजण्याचं आहे, त्यामुळे हे बघून गप्प बसवत नाही.

भरतीचं आधी घेतो. पेपरात येणारा 4.9 मीटर हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा नसतोच. तो चार्ट डेटमपासूनचा असतो, म्हणजे ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीच्या आसपास धरलेल्या शून्यापासूनचा, जहाजांना पाण्याची खोली कळावी म्हणून. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो, ती याच शून्यावर असतात, आणि मुंबईत अपोलो बंदरला सरासरी समुद्रसपाटी या शून्याच्या 2.51 मीटर वर धरतात. हा एक आकडा लक्षात ठेवला तरी अर्धा मेसेज गळून पडतो. 4.9 मधून 2.51 काढा, राहिले 2.39. जमिनीची लेव्हल समुद्रसपाटीपासून 3.5 असेल तर ती त्या भरतीच्या 1.11 मीटर वर आहे, खाली नाही. एकाची उंची जमिनीवरून मोजायची, दुसऱ्याला स्टुलावर उभं करून मोजायची आणि मग कोण उंच ते ठरवायचं, असला हा प्रकार आहे. खाडीत आत ठाण्याकडे जाताना भरतीची उंची आणि वेळ दोन्ही थोडी बदलतात, त्यामुळे कामाच्या वेळी अपोलो बंदरचा आकडा डोळे मिटून वापरू नये, पण म्हणून अडीच मीटरची चूक माफ होत नाही.

उणे साठचं तर काय बोलायचं. उपग्रहावरून जी उंची निघते ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्राशी तिचा थेट संबंध नाही. आपल्या भागात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग, ज्याला जिऑइड म्हणतात, तो या लंबगोलाच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर तो शंभर मीटरच्याही खाली जातो, गुरुत्वाकर्षणाच्या फरकामुळे. अँड्रॉइडवरची बरीच ॲप्स लंबगोलाचा कच्चा आकडा दाखवतात, आयफोन समुद्रसपाटीचा दाखवतो, म्हणून मावशीला उणे आणि सेक्रेटरींना सात. आणि तो सातही खरा धरू नका, मोबाईलची उभी चूक सहज दहा-पंधरा मीटर जाते. सात म्हणजे दोनही असू शकतं.

आरएल 100 ला फसवणूक म्हणणाऱ्याने साइटवर कधी पाऊल ठेवलेलं दिसत नाही. जवळ सरकारी बेंचमार्क, म्हणजे उंची आधीच मोजून ठेवलेली पक्की खूण, नसेल तर एखाद्या पक्क्या कठड्यावर खूण करून तिला 100.000 मानतात आणि सगळं काम त्यावरून चालतं, उणे आकडे येऊ नयेत एवढाच हेतू. मुंबई महापालिकेचा टाऊन हॉल डेटम, म्हणजे उंची मोजायचं तिचं स्वतःचं शून्य, घ्या. सखल प्लॉट 92 फुटांपर्यंत भरा अशी अट असते, 92 फूट म्हणजे 28 मीटर, पण त्याचं शून्यच समुद्रसपाटीच्या साधारण 24.4 मीटर खाली आहे, म्हणजे प्रत्यक्षात उंची साडेतीन-पावणेचार मीटर. हां, एक मान्य करतो. नकाशावर डेटम कुठला ते न लिहिणारे कन्सल्टंट भरपूर आहेत आणि त्यांच्यामुळेच असले मेसेज पटतात.

आता सगळ्यात घातक वाक्य, “पाचच्या वर असेल तर निर्धास्त राहा.” मेसेजवाल्याचं एवढं खरं की नवी मुंबईचे बरेच भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली किंवा लगत आहेत, म्हणूनच सिडकोने धारण तलाव बांधले. खाडी चढली की तलावाच्या तोंडाचं फ्लॅप गेट, म्हणजे पाणी फक्त बाहेर सोडणारं झडपेचं दार, बंद होतं, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला बाहेर जातं. पण सोसायटीत पाणी खाडीतून गेट ओलांडून येत नाही, पावसाचं पाणी बाहेर जायला वाट मिळत नाही म्हणून ते तुंबतं. 26 जुलै 2005 ला भरती 4.48 मीटर होती, समुद्रसपाटीपासून दोन मीटरही नाही, पण सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला. म्हणून सोसायटीच्या गेटपेक्षा ड्रेनेजच्या चेंबरचा इन्व्हर्ट, म्हणजे तिथल्या पाइपाच्या आतल्या तळाची लेव्हल, बघायचा असतो. समजा शेवटच्या चेंबरचा इन्व्हर्ट समुद्रसपाटीपासून 1.60 वर आहे. उधाणाची सरासरी भरती 4.42, म्हणजे समुद्रसपाटीपासून 1.91. मधे चालू फ्लॅप गेट नसेल तर पाइपाचा तळ 31 सेंटीमीटर पाण्याखाली, आणि गेट असलं तरी ते बंद, म्हणजे आतलं पाणी आतच. मग तुमचं फाटक पाचवर असो की सातवर. तलाव गाळाने आणि खारफुटीने भरलेत ते वेगळंच. अशा ठिकाणी पंप रद्द करायचा?

कमिटीला मी सांगितलंय की ॲप बंद करा, सर्व्हेयर बोलवा, सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कवरून ऑटो लेव्हल (आडवी रेघ दाखवणारी दुर्बीण) आणि स्टाफने (आकड्यांची उभी पट्टी) लेव्हल आणा आणि परत त्याच बेंचमार्कवर जाऊन क्लोज करा, म्हणजे सुरुवातीचा आकडा परत जुळतो का ते बघा. कोणी उपग्रहाचं यंत्र आणून “साठ मिळवले की झालं” म्हणाला तर त्याला त्याच यंत्राने आधी बेंचमार्कची उंची काढून दाखवायला लावा, जुळली तरच पुढे. नाल्याचं तोंड, चेंबरचे इन्व्हर्ट, पंपाचा खड्डा, लिफ्टचा खड्डा आणि गेट, सगळ्यांची लेव्हल एकाच शून्यावर एका कागदावर घ्या, बाजूला 2.51 वजा केलेली भरती लिहा. पंप ठेवायचा की काढायचा ते तो कागद समोर ठेवूनच ठरवा, तोवर पंपाचा ठराव मांडू नका.