‘सायकल स्कूटरपेक्षा जास्त ऊर्जा खाते’ : कणीक मोजून दिलेलं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार जणांनी पाठवलाय, त्यातले दोघं तर आधी स्वतः सायकल चालवणारे, आणि एकीने खाली लिहिलंय "बघ बाई, उगाच दमतेस". मेसेज थोडक्यात असा, की सायकल पर्यावरणाला चांगली हा गैरसमज आहे. एक, सायकल चालवणारा धापा टाकतो आणि स्कूटरइतकाच कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोन, त्याला जेवण जास्त लागतं, ते पिकवायला ट्रॅक्टरचं डिझेल, युरिया, पंपाची वीज आणि शिजवायला गॅस, हे सगळं धरलं तर सायकल पेट्रोलपेक्षा महाग पडते. तीन, शरीर 25 टक्केच कार्यक्षम आणि इलेक्ट्रिक मोटर 90 टक्के, म्हणून ई-स्कूटर सायकलच्या पुढे. चार, सायकल बनवायला पोलाद लागतंच की.

मी पुण्यात रोज 9 किलोमीटर जाते आणि 9 येते, अकरा वर्षं झाली, त्यामुळे मेसेज वाचून वाईट वाटलं हे खरंय. पण नुसतं चिडून काय होणार, म्हणून रविवारी कागद, पेन आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसले.

आधी एक आकडा ठरवून घेऊ, कारण सगळं त्यावर आहे. सपाट रस्त्यावर ताशी 15 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपण ऑफिसला जातो त्या वेगाने, सायकलला किलोमीटरमागे बसून राहण्यापेक्षा जास्तीच्या साधारण 20 किलोकॅलरी लागतात. कोणाला 15, कोणाला 25, वजन आणि सायकल कशी त्यावर. अशा मेसेजमध्ये काय होतं तर रेसवाल्याचा आकडा उचलतात, आणि तो मोठा असणारच कारण वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा किलोमीटरमागे चौपट होतो. भाजी आणायला निघालेला माणूस 35 च्या स्पीडने जात नाही.

आता श्वासाचं. 20 किलोकॅलरी जाळायला साधारण 4 लिटर ऑक्सिजन लागतो आणि जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, वजनात 7 ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड होतो, स्कूटरने लिटरला 45 दिले तर किलोमीटरला 51 ग्रॅम. कुठे 7 आणि कुठे 51, म्हणजे "स्कूटरइतकाच" हे साध्या भागाकारातच पडलं. आणि मुळात आपण जो सोडतो तो कार्बन गव्हाने चार-सहा महिन्यांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो, तो परत हवेत जातो, पुढचा गहू परत घेतो. पेट्रोलमधला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पुरलेला होता, तो वर काढून हवेत नवीन भर टाकतो आपण, हा फरक शाळेच्या पुस्तकातला आहे.

दुसरा मुद्दा जेवणाचा, आणि खरं सांगायचं तर मेसेजमधला हा एकच मुद्दा विचार करण्यासारखा आहे. म्हणून वजनकाटा काढला. 100 ग्रॅम कणकेत साधारण 340 किलोकॅलरी, म्हणजे एका किलोमीटरची कणीक 6 ग्रॅम. काट्यावर वाटी ठेवून चहाच्या चमच्याने टाकत गेले तर दोन चमच्यांतच 6 आलं, वाटीचा तळसुद्धा नीट झाकला गेला नाही. 9 किलोमीटरला 53 ग्रॅम, म्हणजे आमच्या घरच्या पातळ दोन पोळ्या. आता तेच 9 किलोमीटर स्कूटरवर, 200 मिली पेट्रोल, लिटरला साधारण 7,700 किलोकॅलरी धरल्या तर 1,540, म्हणजे कणकेच्या भाषेत 450 ग्रॅम. मी खरंच परातीत 450 ग्रॅम कणीक काढून बघितली, पोराने विचारलं आज कोण येणारे जेवायला. आणि शहरात 14 चं अ‍ॅव्हरेज देणारी कार एकट्या माणसाला घेऊन गेली तर जवळपास दीड किलो कणीक, एका वेळच्या जाण्याची. आता सांगा कोण जास्त खातंय.

पण मेसेजवाले म्हणतील की कणीक शेतातून यायला जो खर्च तो धरा. धरूया ना, नक्की धरूया. किलोभर गहू पिकवून, दळून घरी येईपर्यंत कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात एक किलो धरला तर 6 ग्रॅम कणकेला 6 ग्रॅम. दोन पोळ्यांना तीन मिनिटं शेगडी, सात-आठ ग्रॅम गॅस, त्याचा किलोमीटरमागे अडीच ग्रॅम. झाले साडेआठ. युरोपियन सायकलिस्ट्स फेडरेशनने 2011 मध्ये त्यांच्याकडच्या मांस-चीजच्या सरासरी जेवणावर हिशोब केला तेव्हा जेवणाचे 16 ग्रॅम आणि सायकल बनवण्याचे 5, असे किलोमीटरला 21 ग्रॅम आले होते आणि कारचे 271. म्हणजे तिकडचं ताट धरलं तरी निकाल बदलत नाही.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त खटकतं ते सांगते. सायकलचं मोजायचं ते शेतापासून आणि पेट्रोलचं मोजायचं ते टाकीपासून, हे कुठलं माप? आपलं 85 टक्क्यांच्या वर कच्चं तेल बाहेरून येतं, ते जमिनीतून उपसायचं, जहाजाने आणायचं, माहुलसारख्या ठिकाणी रिफायनरीत तापवून वेगळं करायचं, मग लोणी काळभोरसारख्या डेपोतून टँकरने पंपावर, ह्या प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा जळते. माझ्या 51 ग्रॅममध्ये ह्यातलं काहीच धरलेलं नाही, ती वर वेगळी. शिवाय स्कूटरवाला उपाशी नसतो, तोही जेवतोच, आणि त्यातले कितीतरी जण संध्याकाळी जिममध्ये ट्रेडमिलवर पळतात, त्याची मोटर वीज घेते ती कोणाच्या खात्यात लिहायची.

एक गोष्ट मात्र मान्य करते. सायकलसाठी लागणारी प्रत्येक जादा कॅलरी कोणी मटणातूनच घेतली तर कार्बनचा हिशोब उलटतो, सायकलचा कार्बन स्कूटरपेक्षा जास्त होतो, कारण मटणामागचा खर्च धान्याच्या कितीतरी पट असतो. पण सायकल चालवून आल्यावर भूक लागते तेव्हा आपण काय खातो, अजून एक पोळी, मूठभर शेंगदाणे, पोहे. मटण रविवारी असतं ते सायकल असली तरी आणि नसली तरी.

ई-स्कूटरबद्दल मला वाईट बोलायचं नाहीये, पेट्रोलपेक्षा ती चांगलीच. पण 25 विरुद्ध 90 टक्के ही तुलनाच चुकीच्या जागी केलीय. आधी काम किती करायचंय ते बघा. माझं वजन 60, सायकल 18, एकूण 78 किलो ताशी 15 ने ढकलायला पॅडलवर किलोमीटरमागे पाच-सहा वॉट-तास पुरतात (हजार वॉट-तास म्हणजे विजेचं एक युनिट). ई-स्कूटर शंभराच्या वर किलोची, वेग दुप्पट-तिप्पट, तिला बॅटरीतून 30 च्या आसपास लागतात. म्हणजे शरीर 25 टक्के कार्यक्षम असलं तरी त्याला काम पाचवा हिस्साच आहे, आणि 20 किलोकॅलरी म्हणजे 23 वॉट-तास, तरीही खालीच. त्यात ती 30 बॅटरीतली आहे. कोळशाच्या स्टेशनात उष्णतेतली फक्त एक तृतीयांशाच्या आसपास वीज होते, मग तारांमधली गळती, चार्जरमधली, मागे जात जात कोळशापर्यंत पोचलात की 100 वॉट-तासांच्या वर जातं. इथे पण तेच, मोटरचं माप प्लगपासून घेतलंय.

माझ्या मते सायकलची खरी कमाल वजनात आहे. कार 900 किलोची, त्यात मी 60, म्हणजे इंधन जवळजवळ सगळं कारच कारला न्यायला वापरते. 50 मीटर उंचीचा चढ चढायला सायकलवर मला 36 किलोकॅलरी जास्त लागतात, 11 ग्रॅम कणीक, आणि कारला त्याच्या बारा पट. चालण्यापेक्षाही सायकल स्वस्त आहे, पायी किलोमीटरला 50 किलोकॅलरींच्या आसपास जातात कारण प्रत्येक पावलाला शरीर थोडं उचलावं लागतं, सायकलवर वजन सीटवर असतं. एस. एस. विल्सन यांनी 1973 मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकात प्राणी आणि यंत्रांची अशीच तुलना मांडली होती, वजनाच्या प्रमाणात अंतर कापायला कोणाला किती ऊर्जा लागते, आणि सायकलवरचा माणूस त्यात सगळ्यांच्या पुढे होता. चेन नीट असेल तर पायातली 95 टक्क्यांहून जास्त ताकद चाकापर्यंत जाते. टायरमधल्या हवेवर मात्र खरंच लक्ष ठेवा हं, मी सोसायटीच्या गेटपासून पॅडल मारणं थांबवून बघितलं, हवा कमी असताना डीपीपाशीच थांबली, भरून आणल्यावर किराणा दुकान ओलांडून गेली.

सायकलची बरोबरी करणारं काही नाही असंही नाही. खच्चून भरलेली लोकल माणशी ऊर्जेत सायकलच्या तोडीस तोड आहे, आणि पॅडल मारत चालवायची 250 वॉटची इलेक्ट्रिक सायकल पण.

राहिला चौथा मुद्दा. 20 किलोच्या साध्या काळ्या सायकलचं पोलाद बनवायला 50 किलो कार्बन डायऑक्साइड धरा, रबर, रंग, वाहतूक मिळून दुप्पट करा, 100 किलो. ते 43-44 लिटर पेट्रोलचं आहे, म्हणजे स्कूटर रोज 18 किलोमीटर चालवली तर साडेतीन महिन्यांत संपतं. आणि स्कूटर बनवायला जे शंभर किलो पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक लागलं ते वेगळंच. बाबांनी 1987 मध्ये घेतलेली सायकल अजून आमच्याकडे आहे, टायर-ट्यूब कितीदा बदलले आठवत नाही, चेन दोनदा की तीनदा, सीट नवीन, पण फ्रेम तीच, आणि सध्या ती माझा भाऊ दूध आणायला नेतो.